मुलांना उजेर नको

तळवलीच्या मागे, उच्चदाबाच्या तारांखाली,
जिथे इमारत बांधायला मनाई
म्हणून अळू आणि लाल माठ सुखाने वाढतो,
तिथे सव्वा गुंठ्यात चांगुणा मढवींचा भात
चौथ्या वर्षी त्याच खोडांतून उभा आहे.

राब भाजला नाही. चिखळणी नाही. आवणीला बायका आल्या नाहीत.
विळा फिरला की आठवड्याभरात
कापल्या जागेतून हिरवं टोक निघतं,
उसाच्या खोडव्यासारखं, पण उसाचा माज नाही.

मी पंधरवड्याला ठाण्याहून येतो, प्रयोगशाळेची वही घेऊन.
ओल मोजतो, आम्लता मोजतो,
खाडीकडून किती खार वर चढला ते मोजतो.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो बहुधा कोराच जातो.

बांधालगत आम्ही काच पुरली आहे,
कुणाच्या तरी तडकलेल्या मासेपेटीची एक बाजू,
वर गोणपाट, गोणपाटावर पत्रा.
पावसात ती बुडालेलीच असते.
कार्तिकात पाणी उतरलं की गोणपाट उचलायचं,
आणि जमिनीला खिडकी.

पहिल्या वेळी मी टॉर्च पेटवला
तर मागून दटावणी आली:
"मुलांना उजेर नको दाखवू."
मी वळून पाहिलं. मुलं कुठे होती?
तिच्या बोलीत ळ नाही
हे कळायला मला एक पावसाळा लागला.

आता टॉर्चला लाल कागद.

आधी काहीच दिसत नाही.
मग डोळा मातीला सरावतो.
पांढरी केसमुळं, आणि त्यांना चिकटून
बुरशीचे धागे, मुळांहून कितीतरी बारीक,
जिथे मूळ पोचत नाही तिथे पोचलेले.
मागल्या सालच्या मेलेल्या मुळाची पोकळ नळी,
तिच्यातून एक गांडूळ निघालंय,
आयता रस्ता, टोल नाही.
उडी मारून नाहीसे होणारे ठिपके.
आणि एक वाणी, सगळे पाय एकदम कामाला लावून.

चांगुणाबाई विचारतात, ही एवढी जनता खाते काय.
मी सांगतो: पान वर उन्हात साखर करतं,
तिच्यातली काही मुळावाटे खाली सोडतं,
खालचे बदल्यात स्फुरद आणून देतात. पाणीसुद्धा.
दरवर्षी नांगरलं की हे सगळं विस्कटतं,
पुन्हा ओळखीपासून सुरुवात.
"सोरतो किती?"
पाचवा हिस्सा धरा. कधी जास्त.

त्या बोटांवर काही मोजत बसल्या.
वर तारा गुणगुणत होत्या.
"म्हंजे सारेबारा टक्क्यांपेक्षा जास्त," त्या म्हणाल्या,
आणि इतक्या हसल्या की खोकला आला.
त्यांची सव्वादोन एकर खाचरं
आता कुठल्या सेक्टरात आहेत ते त्या दाखवतात, नुसती हनुवटी उचलून.
बदल्यात मिळालेला भूखंड विकून
दोन मुलं (ही खरी मुलं, ळ नसलेली)
सातव्या मजल्यावर राहतात.
येतात. बूट काढत नाहीत.

वैशाखात टॉवरचा पाया तपासायला माणसं आली
आणि प्लॉटच्या कोपऱ्यात कमरेइतका खड्डा घेऊन
जेवायला गेली.
मी पोचलो तेव्हा खड्ड्याची एक भिंत
वरपासून खालपर्यंत मुळांची होती,
उघडी, दुपारच्या बारा वाजता.
मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं.
एवढा खोल छेद आम्हाला परवडला नसता.
मी टेप काढली, खाली उतरलो,
सत्तर सेंटिमीटर, बहात्तर,
आणि बहात्तरच्याही खाली एक धागा अजून चाललेला.

चांगुणाबाई ओली गोणी घेऊन आल्या.
काही बोलल्या नाहीत.
माझा हात बाजूला केला
आणि भिंतीवर गोणी टेकवली,
ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवतात तशी,
कडा मातीत खोचत, एकेक.
दोन गोण्या कमी पडल्या. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल दिला.

त्या दिवशीच्या पानावर आकडे अर्धेच आहेत.
शेऱ्यात लिहिलंय: मुलं झाकली.
वरिष्ठांनी शुद्धलेखनाची लाल खूण केली आहे.
मी ती तशीच ठेवली.